बदलीच्या गावचे पाणी

बंगळूरच्या आग्नेय अंगास होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या बेचक्यात गेल्या काही दशकांत जी वसाहत उभी राहिली, तिला त्या रस्त्यांचीच आद्याक्षरे घेऊन एचएसआर लेआउट असे नाव पडले. या नावात ग्रामदेवता नाही, संस्थापक नाही, की एखादे झाड नाही. आहेत ते केवळ दोन रस्ते. बदलीच्या हुकुमावर आलेल्या माणसांची बिऱ्हाडे जेथे दाटीने राहतात त्या वसाहतीला हे नाव शोभते, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. येथेच आमचे एक स्नेही राहतात. सरकारी नोकरीतील बावीस वर्षांत त्यांनी सात गावचे पाणी चाखले. त्यांचे मूळ घर सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यात, मेढ्याच्या जवळ. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो असता त्यांची कन्या, जी नववीत शिकते, एक कोष्टक पुढे घेऊन बसली होती. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या कोष्टकात आहे.

कोष्टक साधे होते. प्राण्यांच्या शरीराच्या ठेवणीचे तीन प्रकार त्यात मांडले होते. पहिला असममित: ज्याचे कसेही दोन तुकडे केले तरी सारखे भाग पडत नाहीत, असा, उदाहरण, स्पंज. दुसरा अरीय सममितीचा: चाकाचे आरे जसे तुंब्यापासून चहूकडे निघतात तसे ज्याचे अवयव मध्यापासून निघतात, आणि मध्यातून जाणाऱ्या एकाहून अधिक रेषांनी ज्याचे सारखे दोन भाग होतात, असा, उदाहरण, जेलीफिश. तिसरा द्विपार्श्व सममितीचा: ज्याला डावे आणि उजवे आहे, पुढचे आणि मागचे आहे, व ज्याचे सारखे भाग एकाच रेषेने पडतात, असा, उदाहरणे, गांडुळापासून आपल्यापर्यंत सारे. शेवटचा रकाना ‘आढळ’ असा होता. पहिल्या दोन ओळींत त्या रकान्यात मुलीने ‘समुद्र’ असे लिहिले होते आणि पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, “काका, यातले काहीच आपल्याकडे नसते का हो? सगळे समुद्रातच कसे?”

प्रश्न बंगळुरातून विचारला गेला म्हणून आम्हांस तो अधिक बोचला. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंचीवर वसलेले हे शहर. जवळून बारमाही नदी वाहत नाही. तलावांची साखळी बांधून, एकाचे सांडलेले पाणी दुसऱ्यात घेऊन, या मुलुखाने शतकानुशतके आपली तहान भागविली. एचएसआर लेआउटच्या कडेचा अगरा तलाव त्या साखळीतलाच एक. या अगरा गावच्या नवव्या शतकातील एका कन्नड शिलालेखात तलावांना पाणी सोडण्याची दारे, ज्यांस कानडीत तूबु म्हणतात, ती बसविल्याचा उल्लेख आहे. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या सज्जातून दिसणाऱ्या पाण्याची व्यवस्था हजार वर्षांहून जुनी आहे. आणि स्पंज व जेलीफिश या दोन प्राण्यांविषयी हिंदुस्थानात जे पहिले महत्त्वाचे ज्ञान मिळाले, त्यातील मोठा भाग समुद्रातून न मिळता अशाच गोड्या पाण्यातून, आणि तोही आपल्याच मराठी मुलुखातील तळ्यांतून व डोहांतून मिळाला. ते मिळविणारी माणसेही बहुधा आमच्या वाचकांसारखीच, घरापासून दूर चाकरीस असलेली होती. तो इतिहास त्या मुलीस सांगावयास आम्ही बसलो, आणि सांगता सांगता आमच्याच ध्यानात आले की तो बापासही नवाच आहे.

स्पंजाने विद्वानांना फार दिवस फसविले. तो हलत नाही, त्याला तोंड नाही, डोळा नाही, हृदय नाही, नसा नाहीत. अठराव्या शतकात त्याची गणना कधी वनस्पतींत, कधी वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवर होत असे. १८२५ नंतर रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश शास्त्रज्ञाने स्पंजाच्या अंगावरील बारीक छिद्रांतून पाणी आत शिरते आणि मोठ्या छिद्रांतून प्रवाहाने बाहेर पडते, हे निरीक्षणाने दाखविले. त्या छिद्रांवरून या प्राण्यांच्या संघास जे नाव पडले त्याला आपल्या शाळांत रंध्रीय असे म्हणतात. तथापि ग्रँट यांच्यानंतरही वाद सरला नव्हता. आणि त्या वादात पुढचे पाऊल पडले ते मुंबई बेटावरच्या तळ्यांत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात हेन्री जॉन कार्टर नावाचे एक शल्यवैद्य होते. जन्म १८१३ चा, इंग्लंडच्या डेव्हनशायर परगण्यातला. अरबस्तानच्या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या ‘पॅलिन्यूरस’ या गलबतावर काही काळ वैद्य म्हणून राहून ते मुंबईस परतले, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. रोग्यांच्या आणि सोसायटीच्या कामातून जो वेळ उरे तो हा गृहस्थ बेटावरील तळ्यांच्या काठी घालवी. तळ्याच्या पायरीवर, बुडालेल्या काटकीवर, पाणवनस्पतीच्या देठावर जे राखी, पांढुरके किंवा हिरवट बुरशीसारखे लपके दिसतात, आणि पाणी भरणाऱ्या बायका ज्यांना शेवाळाची घाण समजून घागरीने बाजूला सारतात, ते लपके त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरले. गोड्या पाण्यातले स्पंज ते हेच. १८४८ आणि १८४९ साली कार्टर यांचे या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाले. त्यातील एकाच्या शीर्षकातच मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांच्या ‘प्राणित्वा’चा उल्लेख आहे. कार्टर यांस असे दिसले की स्पंजाचा लहानसा तुकडा वेगळा केला तर त्यातील जिवंत कण अमीबासारखे आकार बदलीत सरपटू लागतात. एकेकटा जगू शकणारा सूक्ष्म जीव आणि अनेक पेशींचा संघटित देह, यांच्या मधल्या पायरीवर स्पंज उभा आहे, ही कल्पना त्या निरीक्षणातून पुष्ट झाली. (पुढे १९०७ साली अमेरिकेत विल्सन यांनी स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा त्या पेशी पुन्हा एकमेकींस बिलगून नवा स्पंज झाला.) ज्याचा देह विस्कटून पुन्हा जमतो, त्याला डावे-उजवे ते कोठून असणार?

कार्टर यांस मुंबईत एक आणखी गोष्ट उलगडली, आणि ती आम्हां तलावांच्या शहरात राहणाऱ्यांस विशेष जवळची वाटावी. वैशाखात तळी आटत. स्पंज वाळून कोळ होई, त्याची दुर्गंधी सुटे, आणि तो नाहीसा झाला असे वाटे. पण त्या वाळल्या सांगाड्यात मोहरीहूनही लहान, पिवळसर, टणक गोळ्या उरत. कार्टर त्यांस बीजासारख्या गोळ्या म्हणत. मराठीत मुकुलिका म्हणता येईल. त्यांच्या कठीण कवचाला गारगोटीच्याच जातीच्या सूक्ष्म सुयांचे चिलखत असते. पाऊस पडून तळे भरले की कवचाच्या छिद्रातून जिवंत पेशी बाहेर ओघळतात आणि नवा स्पंज वाढू लागतो. थंड देशांत या गोळ्या हिवाळ्यातून पार पडण्यासाठी. आपल्याकडे त्या उन्हाळा काढतात.

कार्टर १८६२ साली मायदेशी परतले आणि १८९५ साली आपल्या जन्मगावी वारले. मुंबईत मिळालेल्या ज्या एका जातीस त्यांनी जुन्याच एका जातीचे नाव दिले होते, ती निराळी आहे असे ठरवून बाउअरबँक यांनी १८६३ साली तिला कार्टर यांचेच नाव दिले. हिंदुस्थानच्या तळ्यांत सर्वत्र आढळणारा तो स्पंज शास्त्रीय ग्रंथांत आजही कार्टरच्या नावाने ओळखला जातो. येथे एक सूचना करणे अवश्य आहे. त्याच काळात मुंबईस हेन्री व्हँडाइक कार्टर नावाचे दुसरेही डॉक्टर होते. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्राच्या सुप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे ते हे. १८५८ साली ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक झाले. दोघांचे नाव हेन्री, दोघे वैद्य, दोघांच्या हाती सूक्ष्मदर्शक. त्यामुळे एकाचे श्रेय दुसऱ्याच्या खाती पडण्याचा संभव मोठा. स्पंजवाले कार्टर ते जॉन.

मुंबईच्या त्या तळ्यांचे काय झाले, हे सांगण्यास फारसे शब्द लागत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या भयाने शहरातील बरीच तळी बुजविण्यात आली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे आता बसच्या पाट्यांवर आहेत आणि खाली डांबर आहे. हिवतापाने माणसे मरत होती, हे खरेच. तेव्हा बुजविणाऱ्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पण जेथे एका प्राण्याच्या प्राणीपणाचा पुरावा सापडला, त्यांतले पुष्कळसे पाणी आज नकाशावरही उरलेले नाही, हेही खरे.

दुसऱ्या पायरीकडे वळण्यापूर्वी त्या पायरीवरील सर्वांत धाकट्या प्राण्याचा उल्लेख केला पाहिजे. हायड्रा हा जेमतेम अर्ध्या बोटाचा, पाणवेलीस चिकटून राहणारा नळीसारखा जीव. वर तोंड, तोंडाभोवती तंतूंचे कडे. १७४० साली आब्राम ट्रेंब्ली या जिनिव्हाच्या तरुणाला तो हॉलंडात हेग शहराजवळ सापडला. ट्रेंब्ली तेथे एका सरदाराच्या मुलांचा शिक्षक म्हणून राहिला होता. तोही परगावी चाकरीसच! ही वनस्पती की प्राणी, हे ठरविण्यासाठी त्याने हायड्राचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झाले आणि युरोपातील पंडितमंडळ चकित झाले.

आता मुख्य कथेकडे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणास झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्राचे अध्यापन करीत असता ते सुटीत सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडत, आणि १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या डोहांत, त्यांना एक प्राणी दिसला जो तेथे असावयास नको होता. तो जेलीफिश होता. नाण्याएवढी, काचेसारखी पारदर्शक छत्री, काठाला बारीक तंतूंची झालर, आणि ती छत्री उघडझाप करीत पाण्यात वरखाली होत होती. घाटमाथ्यापलीकडे कोकणच्या समुद्रात जेलीफिश विपुल. मालवणच्या माणसास ते नवे नव्हते. पण हे पाणी समुद्राचे नव्हते. ते खडकांवरून येणारे, गाईगुरांनी प्यावयाचे, गोडे पाणी होते.

गोड्या पाण्यातले जेलीफिश तोवर जगात फारच थोड्या ठिकाणी ठाऊक होते. १८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कातील एका बागेत, महाकमळाच्या हौदात, एक जात अकस्मात दिसली होती. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात दुसरी एक आढळली होती. तिच्यावरून ‘लिम्नोक्नायडा’ हे कुल स्थापन झाले. आघारकरांचा प्राणी कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील डॉ. नेल्सन ॲनंडेल यांजकडे गेला. ॲनंडेल १९०४ पासून कलकत्त्यास चाकरीत होते, आणि हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या स्पंजांवर व हायड्रासदृश प्राण्यांवर त्यांचा ग्रंथ १९११ सालीच बाहेर पडला होता. त्यांच्याइतका योग्य परीक्षक देशात दुसरा नव्हता. त्यांनी पाहिले तो हा प्राणी आफ्रिकेच्या त्याच कुलातला निघाला. त्याचे नाव त्यांनी ‘लिम्नोक्नायडा इंडिका’ असे ठेवले. १९१२ साली म्यूझियममधील ग्रेव्हली आणि आघारकर या दोघांनी मिळून या जेलीफिशच्या सवयी आणि आढळ यांवर टिपण प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात नद्यांचे प्रवाह तुटून डोह शांत होतात तेव्हा हा दिसू लागतो, आणि पावसाचा लोंढा आला की नाहीसा होतो. लोंढ्यात टिकते ती त्याची दुसरी, खडकास चिकटून राहणारी, डोळ्यांस सहज न दिसणारी अवस्था. एकाच प्राण्याचा एक जन्म बिऱ्हाड थाटून बसण्याचा आणि दुसरा भटकण्याचा, अशी ही रीत आहे.

साताऱ्याच्या डोहात आफ्रिकेचा भाऊबंद कसा आला? हा प्रश्न त्या काळी जितका नवा होता तितकाच मोठा होता. खंडे सरकतात हा वेगेनर यांचा सिद्धान्त १९१२ सालीच प्रथम मांडला गेला, आणि पुढची पन्नास वर्षे त्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. आफ्रिका आणि हिंदुस्थान एकेकाळी जोडलेले होते, असे खडकांवरून सुचविणारे भूवैज्ञानिक होते. पण समुद्र ओलांडू न शकणारा एखादा दुबळा जीव दोन्हीकडे दाखविता आला तर त्या म्हणण्याला निराळे वजन येते. हा जीव त्या प्रश्नाचे अंतिम उत्तर आहे, असे आम्ही म्हणणार नाही. गोड्या पाण्यातील जेलीफिश पाणवनस्पतींच्या मुळांबरोबर जगभर फिरल्याची उदाहरणे आहेत, आणि लंडनचा हौद त्यांतलेच एक. परंतु प्रश्न उपस्थित झाला तो जावळीच्या खोऱ्यात, एवढे खचित. ॲनंडेल यांनीही पुढे १९१९ साली मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर जे लिहिले त्यात मेढ्याजवळच्या वेण्णेच्या पात्राचा अभ्यास आहे.

येथवर आल्यावर आमचे स्नेही, जे आतापर्यंत वर्तमानपत्राआडून ऐकत होते, ते पत्र खाली ठेवून म्हणाले, “मेढ्याची वेण्णा? अहो, त्या डोहात आम्ही पोहायला शिकलो!”

आघारकरांचे पुढील आयुष्य या वाचकवर्गास विशेष भिडेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेले आणि पहिले महायुद्ध पेटल्यामुळे तेथेच अडकले. शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांस स्थानबद्धतेत राहावे लागले. तरीही बर्लिनला त्यांनी प्रबंध पुरा केला, तो वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशाच्या वनस्पती कोठून आल्या यावर. ‘हा येथे कसा आला’ हाच प्रश्न, आता झाडांविषयी. परतून त्यांनी कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष-प्राध्यापक म्हणून सुमारे पाव शतक काढले, आणि १९४६ साली निवृत्त होऊन पुण्यास आल्यावर महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे संस्थापक संचालक झाले. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ साली त्या संस्थेच्या संशोधनालयास आघारकरांचे नाव देण्यात आले. ते नाव पुण्यात सर्वांस ठाऊक आहे. पण ज्यांना जगाने वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ओळखले त्यांनी तरुणपणी एक प्राणी शोधला होता, हे पुणेकरांसही क्वचितच ठाऊक असते.

मुलीस मात्र चरित्राहून छत्रीत रस होता. छत्रीच्या आकाराचा उपयोग काय, असे तिने विचारले. जो प्राणी तरंगतो, किंवा एका जागी चिकटून बसतो, त्याच्याकडे भक्ष्य आणि शत्रू कोणत्याही बाजूने येऊ शकतात. त्याने सर्व दिशांना सारखेच तोंड ठेवावे, हे सोयीचे. जो चालू लागतो त्याला मात्र पुढे असे काही निर्माण होते. जे आधी नव्या जागेस भिडते तेथे डोळे, तोंड आणि मेंदू जमू लागतात. डोके तयार होते, आणि डोके झाले की डावे-उजवे आपोआप येते. चपट्या कृमींपासून ही रचना दिसते. तारामासा तेवढा या हिशेबात फसवा आहे. तो पाच आऱ्यांचा दिसतो म्हणून त्याला जेलीफिशशेजारी बसविण्याचा मोह होतो; पण त्याचे पिल्लू द्विपार्श्व असते, आणि मोठेपणी तो चक्राचा आकार घेतो. म्हणून वंशावळीत तो जेलीफिशपेक्षा आपल्या अधिक जवळचा आहे. कोष्टकात या गोष्टीस रकाना नव्हता. तिने ती समासात लिहून घेतली.

पाऊस उघडल्यावर तिघे मिळून अगरा तलावावर गेलो. अलीकडे त्याची डागडुजी झाली असून भोवती फिरावयास वाट आहे. तिसऱ्या प्रकारचे उदाहरण वाटेवरच मिळाले. पावसाने बिळाबाहेर आलेली गांडुळे सिमेंटवर वळवळत होती आणि फिरणाऱ्यांच्या बुटांखाली चिरडत होती. पहिल्या प्रकारासाठी आम्ही काठाच्या दगडांवर, पाण्यात पडलेल्या फांद्यांवर पुष्कळ शोध घेतला. एक हिरवट लपका पाहून मुलगी ओरडली, पण बोटाने चोळून पाहता ते निव्वळ शेवाळ निघाले. स्पंज असता तर काचेच्या सुयांमुळे तो बोटाला खरखरीत लागला असता. सांडपाणी ज्या तळ्यांनी सोसले त्यांत पाणी गाळून जगणारा प्राणी कितपत टिकतो, ही शंकाच आहे. पहारेकऱ्याने कुंपणाच्या आत वाकू नका असे कानडीतून बजावल्यावर आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर तिने ‘आढळ’ या रकान्यातील ‘समुद्र’ हा शब्द खोडला नाही. त्यापुढे स्वल्पविराम देऊन पहिल्या ओळीत ‘मुंबईची तळी’ आणि दुसऱ्या ओळीत ‘सातारा जिल्हा’ असे लिहिले. आमचे स्नेही मात्र अस्वस्थ होते. कोयनेचे वरचे खोरे १९६० नंतरच्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले, वेण्णेवर कण्हेरला धरण झाले; वाहती नदी आणि तुटलेले डोह यांच्या ऋतुचक्रावर जगणाऱ्या जीवाचे तेथे काय झाले असेल, असे त्यांनी आम्हांस दोनदा विचारले. त्याच संध्याकाळी त्यांनी गावी थोरल्या बंधूंस फोन केला. दादा सत्तरीला आले आहेत. डोहात काचेच्या छत्र्या कधी पाहिल्यात काय, या प्रश्नावर ते प्रथम हसले. मग बराच वेळ फोनवर काही ऐकू येईना. लहानपणी उन्हाळ्यात अंगाला पाण्यात काही बुळबुळीत लागे खरे, पण ते काय हे कोण पाहतो, असे काहीसे ते म्हणाले. नंतर त्यांनी विचारले, कोणत्या महिन्यात दिसतात म्हणालास? चैत्रात, वैशाखात, असे सांगितल्यावर त्यांनी एवढेच कळविले की या खेपेस मुलीला घेऊन दिवाळीऐवजी चैत्रात या. डोह अजून आहे, आणि कमरेइतक्या पाण्यात आपण स्वतः उतरू.